प्लीहा काढायची की राखायची?

अपघातात पोटाला मार बसून प्लीहा, म्हणजेच पांथरी, फाटली की ती काढून टाकायची, हा शल्यविशारदांचा एकेकाळचा शिरस्ता होता. मात्र प्लीहा गमावलेल्यास न्यूमोकॉकससारख्या जंतूंच्या प्राणघातक संसर्गाचा धोका आयुष्यभर राहतो. १९८१ मध्ये अमेरिकेत साल्वातोरे स्क्लाफानी यांनी मांडलेल्या एम्बोलायझेशनचे महत्त्व इथेच आहे. जांघेतील धमनीतून बारीक नळी प्लीहेच्या धमनीपर्यंत नेऊन धातूच्या गुंडाळीने रक्तप्रवाह रोखला जातो. पोट उघडावे लागत नाही आणि जठराकडील लहान वाहिन्यांतून प्लीहेला जगण्यापुरते रक्त मिळत राहते.

रक्तदाब कोसळलेल्या जखमीला आजही शस्त्रक्रियाच तारते. वाद आहे तो स्थिर, पण गंभीर इजा झालेल्या रुग्णांबाबत. फ्रान्समधील १६ केंद्रांत अशा १४० रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. धमनी आधीच बंद केलेल्या आणि केवळ निगराणीखाली ठेवलेल्या, अशा दोन्ही गटांत महिन्याअखेर ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांची प्लीहा शाबूत होती. तथापि, निगराणीखालील सुमारे ३० टक्के रुग्णांना पुढे एम्बोलायझेशन करावेच लागले. म्हणजे थांबून पाहण्याची मुभा सीटी स्कॅन, अँजिओग्राफी कक्ष आणि तज्ज्ञ अहोरात्र हाताशी असलेल्या रुग्णालयालाच आहे. ही सोय नसलेल्या ठिकाणी रुग्णाला वेळीच हलवायचे की प्लीहा काढायची, एवढेच पर्याय उरतात.