मे महिन्यात झाडाला पाणी कोण घालणार?

पालकहो, गुरुजनहो, चांदूर बाजारच्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या मंडळींनो, शाळेतल्या सेवा पथकांबद्दल थोडं बोलायचं आहे. हरित सेना, स्काऊट-गाईड, अकरावी-बारावीची एनएसएस, ही नावं घराघरात माहीत आहेत. २ ऑक्टोबरला पोरांच्या हातात झाडू येतात, जुलैत रोपं लागतात, पाहुणे येतात, फोटो निघतात. त्यानंतर पथक वर्षभर काय करतं, हे सहसा कुणी विचारत नाही. ते आपण विचारायला लागावं, म्हणून हे आवाहन.

जुलैत लावलेल्या रोपाचंच बघा. पावसाळ्यात ते तगतं, हिवाळाही निभावतो. त्याचा कस लागतो एप्रिल-मेमध्ये, पारा ४४-४५ वर जातो तेव्हा. नेमकी तेव्हाच शाळा बंद असते. विदर्भातल्या शाळा उन्हापायी उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. तोवर रोप वाळून गेलेलं असतं आणि जुलैत त्याच खड्ड्यात दुसरं लागतं.

यावर उपाय आहे. गट वर्गाप्रमाणे पाडू नका, गल्लीप्रमाणे पाडा. सुट्टी लागली की वर्ग पांगतो, गल्ली जागेवरच असते. एका गल्लीतली चार-पाच पोरं, त्यांच्याकडे घराजवळची चार-पाच झाडं. कुणी मामाच्या गावाला गेलं तर त्याची पाळी कोण घेणार, हे वहीत आधीच लिहून ठेवायचं. झाडं निवडताना कडुनिंब, करंज अशी आपल्या उन्हात टिकणारी निवडा. रोपाशेजारी एक मडकं गळ्यापर्यंत पुरा. बुडाला बारीक भोक पाडून त्यात सुती चिंधीची वात घट्ट बसवा, पाणी भरा, वर झाकण ठेवा. पाणी मुळाशी हळूहळू झिरपत राहतं, उन्हात उडून जात नाही. झाकण मात्र विसरायचं नाही, नाहीतर त्याच पाण्यात डास होतात.

डासांचंही काम पोरांनी धरण्यासारखं आहे. डेंग्यूचा डास साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा. पावसाळा लागला की आपल्याकडे अंगणात कूलर तसाच पडून असतो, टाकीत पाणी असतं, शेजारी जुना टायर, वर गच्चीवर फुटका माठ. फ्रीजच्या मागचा ट्रे तर कुणी बघतच नाही. दर शनिवारी शाळा सुटल्यावर पोरांनी आपल्याच गल्लीत फिरून हे पाहायचं, घरच्यांना भांडी रिकामी करून घासायला सांगायचं. पोरं दारात आली की त्यांना हाकलू नका. टाकी उघडून दाखवा.

'पोराले शाळेत शिकाले धाडलं, झाडू माराले नाही,' असं काही पालक म्हणतात. त्यांची काळजी खोटी नाही. दहावीचं वर्ष आहे, शिकवणी आहे, मार्क लागतात. पण हिशेब करा. एनएसएसमध्येसुद्धा वर्षाला १२० तासांचं काम धरलेलं असतं, म्हणजे आठवड्याला अडीच तासही नाहीत. शाळेच्या पथकाला त्याहून कमी पुरतं. दहावीच्या पोरांनी दिवाळीनंतर वही नववीकडे सोपवावी, हा साधा नियम ठेवला तर कुणाचाच अभ्यास अडत नाही.

राहिली गोष्ट झाडूची. याच जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा गावात शिरले की आधी झाडू घ्यायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ त्यांनी देह ठेवला; ते गाव आपल्यापासून काही लांब नाही. विद्यापीठाला आपण त्यांचं नाव दिलं आहे. मग त्यांच्या जिल्ह्यात झाडू धरण्यात कमीपणा का वाटावा? मात्र शिक्षकांनी एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी. सफाईची पाळी ठराविक घरांतल्या पोरांवरच येता कामा नये. तशीच मुलींच्या वाट्याला फक्त रांगोळी आणि ओवाळणी येऊ नये. वही, पैसा, पाळ्या लावणं ही कामं मुलींकडे द्या. त्या ती चोख करतात.

पोरांना गटारात उतरवू नका, विहिरीच्या काठावर किंवा भर रस्त्यात उभं करू नका. कचरा उचलायचा तर हातमोजे आधी आणा. वर्गणी काढली तर पै-पैचा हिशेब पोरांनीच फळ्यावर लिहावा.

पथकाने वर्षातून एकदा परतवाड्याजवळच्या वझ्झरलाही जावं. तिथे शंकरबाबा पापळकरांनी बेवारस दिव्यांग मुलांना आपली लेकरं मानून वाढवलं. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तिथे फळांच्या पिशव्या वाटून फोटो काढायला जाऊ नका. दिवसभर राहा, त्यांच्यासोबत जेवा, तिथली झाडं पाहा आणि कुणाला काय लागतं ते विचारून या.

आता तुमचं काम. शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापकांना भेटा. आपल्या गल्लीतलं एक काम, एकच, कागदावर लिहून पथकाकडे द्या. त्याखाली आपलं नाव लिहा आणि महिन्यातून एकदा पोरांसोबत तासभर उभं राहायची तयारी ठेवा. पाण्याची बादली तुमच्या नळावरूनच भरू द्या.