नजर न देणारे मूल

'वर बघ, मी तुझ्याशी बोलतो आहे!' हे वाक्य मंठ्याच्या वा भोकरदनच्या एखाद्या प्राथमिक शाळेत दिवसातून कितीदा उच्चारले जात असेल याची गणती नाही. बहुतेक मुले मान वर करतात आणि प्रश्न मिटतो. एखादे मूल मात्र खिडकीच्या गजाकडे, गुरुजींच्या सदऱ्याच्या गुंडीकडे, फार तर त्यांच्या हलणाऱ्या ओठांकडे पाहत राहते. त्याला उद्धट म्हटले जाते, नाहीतर मंद. यांपैकी काही मुले स्वमग्न असतात, आणि त्यांच्या बाबतीत या एकाच लक्षणावरून मारलेले दोन्ही शिक्के निराधार असतात.

स्वमग्नतेचे वर्णन लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेत केले. ही मुले चेहऱ्याकडे नेमकी कशी पाहतात, हे मात्र नजरेचा माग काढणारी यंत्रे आल्यावरच उमगू लागले. २००२ मध्ये ॲमी क्लिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वमग्न तरुणांना चित्रपटातील प्रसंग दाखविले, तेव्हा त्यांची नजर पात्रांच्या डोळ्यांपेक्षा तोंडावर आणि भोवतालच्या वस्तूंवर अधिक रेंगाळली. डोळ्यांकडेच पाहण्यास भाग पाडले असता स्वमग्न व्यक्तींच्या मेंदूतील काही केंद्रे प्रमाणाबाहेर उत्तेजित होतात, असे २०१७ च्या एका संशोधनात आढळले. सर्वांचे असेच होते असे नव्हे. पण नजर टाळणे म्हणजे बेपर्वाई, हा समज त्यामुळे टिकत नाही. अनेकांना समोरच्याच्या डोळ्यांत पाहणे आणि त्याचे बोलणे ऐकणे ही दोन्ही कामे एकाच वेळी साधत नाहीत.

आपल्याकडे घोटाळा दुहेरी आहे. वडीलधाऱ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवू नये, ही आपली रीत. त्यामुळे मान खाली घालून बसणारी मुलगी 'गरीब गाय' ठरते व तिचे कौतुक होते. मुलाला चपराक मिळते, मुलीला शाबासकी; तपासणीला दोघांपैकी कोणीच पोहोचत नाही. वस्तुतः लाजरे मूल ओळखणे फारसे कठीण नाही. मोसंबीच्या बागेत पोपट दिसला की ते बोट दाखविते आणि आईने पाहिले की नाही हे तिच्या चेहऱ्याकडे वळून पडताळते. हे बोट व ही वळलेली नजर दीड-दोन वर्षांच्या मुलात दिसत नसेल, हाकेलाही ते वळत नसेल, तर 'बोलेल सावकाश' म्हणून वाट पाहणे चूक आहे.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने स्वमग्नतेला स्वतंत्र स्थान दिले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतील मारहाण व मानसिक छळ निषिद्ध केला. तथापि मुलाकडे प्रथम कोणीतरी बोट दाखवावे लागते, आणि जालना जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत ते काम बहुधा अंगणवाडीताईच्या आणि शिक्षकाच्याच वाट्याला येते. ऊसतोडीला गेलेल्या घरचे मूल तर कित्येक महिने त्यांच्याही दृष्टीआड असते. निदान होईतो शिक्षकाने 'वर बघ'चा हट्ट सोडावा. समोर उभे राहण्याऐवजी शेजारी बसावे, नाव घेऊन एकच लहान वाक्य बोलावे, जमल्यास चित्र दाखवावे आणि थांबावे. उत्तर खिडकीकडे पाहत आले, तरी ते उत्तर म्हणूनच धरावे.