जुन्या ध्वनिपेटीचें काय करावें ?

दिवाळीच्या सुटींत आमच्या घरीं एक वाद निघाला आणि तो होळीपर्यंत मिटला नाहीं. वादाचा विषय म्हटला तर अगदींच क्षुल्लक. विटेएवढी एक पत्र्याची पेटी. समोर मायक्रोफोन जोडावयाचीं दोन छिद्रें व चार फिरत्या खुंट्या, आणि मागें संगणकास जोडावयाची एक तार. बाजारांत तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. मायक्रोफोनमधून येणारा क्षीण विद्युत्प्रवाह प्रथम वाढवावा, मग सेकंदास ४४,१०० वेळां त्याचें माप घ्यावें, व तीं मापें अंकरूपानें संगणकाच्या हवालीं करावीं, एवढेंच तिचें काम. आमची पेटी २०१० सालीं घेतलेली आहे. ती बाजूस ठेवून नवी घ्यावी असें तरुण मंडळींचें म्हणणें. चालत आहे तोंवर चालवावी असें वडील मंडळींचें. आम्ही आरंभीं तरुणांच्या बाजूचे होतों, हें प्रथमच कबूल केलेलें बरें.

हा प्रश्न एकाच घराचा असता तर त्यासाठीं या वार्षिकाचीं पानें अडविलीं नसतीं. परंतु २०२० सालीं शाळा बंद पडून शिक्षण घरांत आलें, तेव्हांपासून यवतमाळांत, पुसदेस, वणीस आणि लहानसान गांवांतूनही मुलें घरच्या घरीं आवाज मुद्रित करूं लागलीं आहेत. कोणी कविता म्हणतो, कोणी स्नेहसंमेलनाच्या नाटुकल्यास पार्श्वसंगीत तयार करतो, कोणाच्या घरचें भजनी मंडळ आपले अभंग उतरून ठेवूं पाहतें. थोडा हात बसला कीं पहिली मागणी येते ती नव्या यंत्राची. आणि ती पुरवावयाची असते पालकांस. दोन मायक्रोफोनांच्या साध्या पेटीस दहा ते वीस हजार रुपये सहज पडतात. २०२५-२६ च्या हंगामांत लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलास ८,११० रुपये होता. म्हणजे कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरीं ही पेटी दोन क्विंटल कापसाची झाली. ज्या मुलानें शेतांत उभें राहून कापूस वेचला आहे, त्यास दोन क्विंटल म्हणजे किती वेळां वाकणें हें आम्हीं सांगावयास नको.

तरुण मंडळींचा पहिला मुद्दा मापांच्या बारकाईचा होता. आमची पेटी १६ बिटांची. म्हणजे आवाजाच्या लहानमोठेपणाच्या ६५,५३६ पायऱ्या तिला ठाऊक. नव्या पेट्या २४ बिटांच्या; त्यांच्या पायऱ्या १,६७,७७,२१६. आंकडा ऐकूनच माणूस दिपून जावा ! परंतु हिशेब थोडा पुढें नेला पाहिजे. १६ बिटांत सर्वांत बारीक व सर्वांत मोठ्या आवाजांतील अंतर सुमारें ९६ डेसिबेल मावतें. आतां आमच्या माजघरांत उन्हाळ्यांत कूलर चालू असतां नुसता त्याचाच आवाज पन्नास-साठ डेसिबेलच्या घरांत जातो, आणि वीतभर अंतरावरून गाणाऱ्या माणसाचा आवाज अजमासें पंचाहत्तर. या दोहोंत उरलें किती ? पंधरा ते पंचवीस. पहाटे पंखा, कूलर, सर्व बंद ठेवले तरी हें अंतर चाळीस-पंचेचाळिसाच्या पुढें फारसें जात नाहीं. ज्या घरीं पांच पोतीं ज्वारी येते, त्या घरानें शंभर पोत्यांची कणगी अपुरी म्हणून दीडशें पोत्यांची विकत घ्यावी, तशांतला हा प्रकार आहे. २४ बिटांचा एक लाभ मात्र खरा आहे. गाणाऱ्यानें मध्येंच आवाज चढविला तर मुद्रण फाटूं नये म्हणून वर बरीच मोकळी जागा सोडावी लागते, आणि ती तेथें निश्चिंतपणें सोडतां येते. पण घरगुती कामांत वीस डेसिबेल जागा सोडूनही आमच्या जुन्या कणगींत ज्वारी मावते.

दुसरा मुद्दा खरखरीचा. आमच्या पेटींतून बारीक भुणभुण येत असे, आणि पेटी म्हातारी झाली असा निकाल सर्वांनीं, आम्हींसुद्धां, देऊन टाकला होता. एके रात्रीं वीज गेली. संगणक आपल्या बॅटरीवर चालू राहिला आणि भुणभुण एकदम थांबली ! वीज परत आली तशी तीही परत आली. शोध करतां दोष पेटीचा नसून संगणकाच्या चार्जरचा व घरांतील सदोष अर्थिंगचा निघाला. तेव्हांपासून आम्ही मुद्रण करतांना चार्जर काढून ठेवितों. या शोधास एक पैसा पडला नाहीं. मात्र तो लागण्यापूर्वीं आम्हीं नव्या पेट्यांच्या किंमतींची दोन पानी यादी केली होती.

तथापि सर्व खरखर परकी असते असेंही नाहीं. जुन्या स्वस्त पेटींतील वर्धकास स्वतःची एक सूं-सूं असते. मायक्रोफोन साध्या डायनॅमिक जातीचा असला व गाणारा मंद आवाजाचा असला, तर खुंटी शेवटपर्यंत पिळावी लागते आणि मग ती सूं-सूं ऐकूं येते. येथें नवी पेटी खरोखर सरस ठरते, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण त्यापूर्वीं मायक्रोफोन जवळ आणून पाहावा. अंतर निम्मे केलें कीं आवाज सुमारें ६ डेसिबेलनें वाढतो. भिंतींवर गोधड्या टांगल्या तर खोलींतील घुमारा कमी होतो. गोधड्या प्रत्येक घरीं आहेत.

तिसरा मुद्दा संगणकाशीं असलेल्या नात्याचा, आणि आमच्या मतें पेटी बदलण्याचें खरें कारण असलें तर बहुधा येथेंच असतें. पेटी स्वतः धडधाकट असते, पण तिला संगणकाशीं बोलतें करणारा ड्रायव्हर तिच्या कंपनीनें सोडून दिलेला असतो. विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. त्या सुमारास अनेक घरीं संगणक बदलले, आणि पुष्कळ जुन्या पेट्या एका दिवसांत मुक्या झाल्या. फायरवायर नांवाच्या तारेनें जोडावयाच्या पेट्यांची गत तर याहून वाईट. नव्या संगणकांस तें छिद्रच नसतें. उलट ज्या पेट्या यूएसबीच्या सर्वमान्य ध्वनिनियमांप्रमाणें बांधलेल्या आहेत, त्यांस निराळा ड्रायव्हर लागत नाहीं. आमची पेटी सुदैवानें तशी निघाली. घरांतील एक जुना संगणक लिनक्स या विनामूल्य प्रणालीवर घेतला, पेटी जोडली, आणि ती कांहीं न विचारतां बोलूं लागली. वाचकांपैकीं कोणाच्या घरीं अशी मुकी पेटी असेल तर ती भंगारांत देण्यापूर्वीं एवढा प्रयोग अवश्य करावा. आणि द्यावयाचीच झाली, तर ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडे द्यावी. १ एप्रिल २०२३ पासून त्याविषयींचे नवे नियम अंमलांत आले आहेत. परंतु आमच्याकडे अजूनही असल्या वस्तू रद्दीवाल्याच्या तराजूंतच जातात.

आतां ज्या कारणासाठीं हें सर्व लिहावयास बसलों, तें सांगतों. आमच्या घरच्या आजी वयानें पंचाऐशींच्या पलीकडच्या. त्यांचें बालपण उमरखेडच्या बाजूला गेलें. तेथें पहाटे जात्यावर बसून शिकलेल्या ओव्या त्यांना पाठ. दिवाळींत एके सायंकाळीं त्या सहज म्हणूं लागल्या आणि तासभर थांबल्या नाहींत. तें ऐकूनच मुद्रणाचा विचार निघाला, व त्याच क्षणीं कोणीतरी म्हणालें, "नवी पेटी येऊं द्या, मग नीट करूं." तें म्हणणारे आम्हीच होतों. पेटीचा वाद चालू राहिला. पौषांत आजींना ताप आला व त्या महिनाभर अंथरुणास खिळल्या. होळीस त्यांच्यापुढें मायक्रोफोन ठेवला, तेव्हां चार-पांच ओव्या होऊन त्या थबकल्या. बऱ्याच वेळानें म्हणाल्या, "पुढचं यादच येऊन नाही राह्यलं बाप्पा." दिवाळींतील शब्दांपैकीं कांहीं एका नातीनें वहींत टिपले होते. चाल टिपण्याची कला तिला अवगत नव्हती.

यंत्र साधें म्हणून जगानें आवाज धरावयाचें थांबविलें नव्हतें. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान गायिली, तेव्हां मायक्रोफोनही नव्हता. कर्ण्यांत तोंड घालून गावयाचें व तीनेक मिनिटांत राग आटोपावयाचा. विजेच्या साह्यानें मुद्रण सुरू झालें तें १९२५ च्या सुमारास. ग्रिअर्सन यांच्या भाषापाहणीच्या काळांत, १९१३ ते १९२९ च्या दरम्यान, हिंदुस्थानांतील कितीतरी भाषा व बोली ग्रामोफोनच्या तबकड्यांवर उतरविल्या गेल्या. त्या पाहणींत बोलींच्या नमुन्यासाठीं उधळ्या पुत्राचा दृष्टांत घेत असत, हें आमच्या शाळेच्या मुलांस गमतीचें वाटेल. शंभर वर्षांपूर्वींच्या माणसांचे ते आवाज आज शिकागो विद्यापीठाच्या संग्रहांतून कोणासही ऐकतां येतात. आमच्या पेटीची बरोबरी त्या कर्ण्यास स्वप्नांतही करतां आली नसती.

जात्यावरच्या ओव्यांचेंच उदाहरण घ्यावयाचें तर हेमा राईरकर व गी पॉइटवां यांनीं हजाराहून अधिक गांवांतून लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यांतील पुष्कळ ओव्यांचें मुद्रण बर्नार्ड बेल यांच्या साह्यानें डॅट नांवाच्या फितींवर झालें. तीं डॅट यंत्रें बनविण्याचें काम सोनी कंपनीनें २००५ सालीं थांबविलें. यंत्र गेलें, ओव्या मात्र वेळींच दुसरीकडे उतरवून घेतल्यामुळें वांचल्या, आणि २०१७ पासून त्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहांत प्रसिद्ध होत आहेत. पैसा खर्च करावयाचाच तर तो कोठें, याचें उत्तर आम्हांस यांत मिळालें. आम्हीं नव्या पेटीऐवजीं दोन तबकड्या घेतल्या, त्याही संगणकांत वापरावयाच्या साध्या हार्ड डिस्क. एक घरीं, दुसरी नागपुरास नातलगांकडे.

मुळशी-मावळाकडील बायांच्या ओव्या त्या संग्रहांत पुष्कळ आहेत. आमच्या वऱ्हाडी ओव्या, तांड्यावरचीं बंजारा गाणीं, झरी-मारेगांवकडील कोलामांची बोली, हें सर्व कोणी पुण्याहून येऊन उतरवून नेईल अशी वाट पाहण्यांत अर्थ नाहीं. कोलामी तर द्राविडी कुळांतली. तिचें व्याकरण एमेनो या अमेरिकन पंडितानें १९५५ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें, आणि आमच्यापैकीं कित्येकांस शेजारच्या पोडांत ती बोलली जाते हेंही ठाऊक नसतें. ज्या मुलाच्या घरीं पेटी नाहीं, त्यानें खिशांतला मोबाईल उशीवर ठेवून, दार लावून, पंखा बंद करून आरंभ करावा.

एका बाबतींत मात्र वडील मंडळींशीं आमचा मतभेद राहिला. आमच्या पेटीचें डावें छिद्र सैल झालें आहे. तार हालली कीं आवाज मध्येंच तुटतो. शहरांतील एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिरानें तें एकदां डाग देऊन बसविलें, पण दोन महिन्यांत पुनः सैल झालें. "चालतें आहे ना," असें येथें म्हणतां येणार नाहीं. जी ओवी आजी पुनः म्हणतील कीं नाहीं याची शाश्वती नाहीं, ती अशा छिद्राच्या भरंवशावर सोडणें आम्हांस पटत नाहीं. उजवें छिद्रही असेंच होईल त्या दिवशीं आम्ही नव्या पेटीच्या बाजूनें मत देऊं, मग दोन क्विंटल कापूस गेला तरी हरकत नाहीं.

तूर्त उजव्या छिद्रावर काम चालू आहे. रविवारीं पहाटे पांचास, बसगाड्यांचा आवाज सुरू होण्यापूर्वीं, माजघरांत गोधड्या टांगून आजींना बसवितों. आठवलें तर त्या म्हणतात. नाहीं आठवलें तर माहेरच्या गोष्टी सांगतात, त्याही आम्ही मुद्रित करितों. गेल्या खेपेस नातीनें वहींतील शब्द वाचून दाखविले, तेव्हां विसरलेल्यांपैकीं तीन ओव्या चालीसकट परत आल्या. भजनी मंडळाच्या लोकांनीं हें ऐकलें आहे, व चार मायक्रोफोन एकदम जोडावयाचे झाल्यास काय करावें असें ते विचारूं लागले आहेत. तेव्हां येत्या दिवाळींत वाद पुनः निघेलसें दिसतें.