आकृतीला पूर्ण गुण दिले होते

माझ्या सर्व विद्यार्थ्यांना,



हे पत्र तुमच्या ग्रुपवरही टाकता आलं असतं. पण तिथे मी काही लिहिलं की खाली जोडलेल्या हातांची रांग लागते, मग कुणीतरी सुप्रभात टाकतं आणि माझं लिहिणं वर सरकून दिसेनासं होतं. म्हणून हे छापायला देते आहे. नाव कुणाचंच घेणार नाही. ज्याचं त्याला कळेल.

गेल्या थंडीत एका रात्री डोंबिवली एमआयडीसीच्या बाजूने पुन्हा वास सुटला. घसा खरवडल्यासारखा झाला, डोळ्यांची आग व्हायला लागली, छातीत घुरघुर सुरू झाली. मी पंप घेतला आणि तुम्हाला लिहिलं, कारण तुमच्यातलेच काहीजण या शहराचं काहीबाही चालवता. उत्तरं लगेच आली. ‘बाई, खिडक्या बंद करून घ्या.’ ‘मास्क लावा.’ ‘थंडीत होतं असं, वय झालं की.’ एकाने तर ‘गरम पाण्याची वाफ घ्या’ म्हणून सांगितलं. सगळ्यांनी काळजीपोटीच लिहिलं, मला मान्य आहे. तरी वासापेक्षा त्या उत्तरांनीच जास्त लागलं.

का लागलं ते सांगते. श्वसनसंस्था तुम्हाला मी शिकवली आहे. बरणीच्या तळाला रबरी पडदा बांधून, आत दोन फुगे सोडून, श्वासपटल खाली गेलं की छातीतला दाब कसा कमी होतो आणि हवा आपोआप कशी आत शिरते, ते तुम्ही स्वतःच्या हाताने पडदा ओढून पाहिलं आहे. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकून ती दुधाळ करताना कुणी निवळी प्यायली होती, तेही मला आठवतं. परीक्षेत तुम्ही फुप्फुसांची आकृती काढलीत, उजव्या फुप्फुसाचे तीन आणि डाव्याचे दोन खंड न चुकता दाखवलेत. मी पूर्ण गुण दिले. ते गुण घेऊन कुणी इंजिनियर झालं, कुणी डॉक्टर, कुणी ठेकेदार, कुणी सरकारी कचेरीत चिकटलं. आणि आता तुम्ही मला खिडक्या लावायला सांगता!

अरे, खिडकी लावून श्वास थांबतो का? शांत बसलेलं माणूस एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा आत घेतं. मिनिटाला बारा ते सोळा श्वास. दिवसाचा हिशेब दहा हजार लिटरच्या आसपास जातो. बंद खोलीच्या फटींतून तीच बाहेरची हवा आत येते, फक्त थोडी उशिरा. आणि माणसाने ठरवलं तरी त्याला श्वास आवरता येत नाही. मधल्या सुट्टीत तुम्ही श्वास धरून ठेवायच्या शर्यती लावायचात, तेव्हा मी सांगितलं होतं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूच्या तळाशी असलेली लंबमज्जा हुकूम सोडते, आणि तिच्यापुढे कुणाचंच चालत नाही. पाणी गढूळ आलं तर मी उकळेन, बाटली आणेन, एखादा दिवस तहान काढेन. हवेच्या बाबतीत यातलं काहीच करता येत नाही.

बरं, खिडक्या तरी शाबूत हव्यात ना? २६ मे २०१६ ला प्रोबेस कंपनीत स्फोट झाला, बारा माणसं गेली, आणि केवढ्या मोठ्या परिसरातल्या काचा फुटल्या ते तुम्ही पाहिलंत. २३ मे २०२४ ला एमआयडीसीच्या फेज दोनमध्ये अमुदान कंपनीत तेच झालं. पुन्हा माणसं गेली, पुन्हा काचांचा सडा. ज्या दिवशी हवेत सगळ्यात जास्त विष होतं, नेमक्या त्याच दिवशी लोकांच्या खिडक्यांना काचा नव्हत्या.

आता तुझ्याशी बोलते, जो कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेस आणि म्हणालास, ‘बाई, आम्ही तर दिवसभर तिथेच असतो, आम्हाला काही वास येत नाही.’ तुझा प्रामाणिकपणा मला पटतो. नाकातल्या गंधपेशी एकाच वासाला काही मिनिटांत सरावतात. वायू तिथेच असतो, फक्त नाक सांगायचं थांबतं. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड तर जास्त प्रमाणात असला की वास घ्यायची शक्तीच मारून टाकतो. म्हणून आमच्याकडे पुण्याहून पाहुणे आले की दारातच विचारतात, ‘कसला वास येतोय?’ आणि आम्ही म्हणतो, ‘कुठे काय?’

अमोनिया, सल्फर डायऑक्साइड हे ओलाव्यात पटकन विरघळणारे वायू, म्हणून पहिली आग नाकाडोळ्यांची होते. एका अर्थी ते बरंच, निदान कळतं तरी. पण श्वासनलिकेच्या आतून बारीक केसांसारखे तंतू असतात. ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलून धूळ अडकलेला चिकट थर वर घशाकडे ढकलत असतात. त्यांच्याबद्दल मी तास घेतला होता. धूर आणि असले वायू या तंतूंची हालचाल मंदावतात. मग तो थर खालीच साचतो आणि माणूस रात्रभर खोकत बसतो. शेजारपाजारचे म्हणतात, म्हाताऱ्या बाई खोकतात.

‘कंपन्या रात्रीच वायू सोडतात’ असं आमच्या सोसायटीत सगळे म्हणतात. मी विज्ञानाची बाई आहे, म्हणून दुसरी बाजूही लिहिते. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन खालीच बसते आणि वरची त्यापेक्षा उबदार असते. त्यामुळे खालचं काही वर जात नाही. दिवसा जे विरून जातं, तेच रात्री उशाशी येऊन राहतं. म्हणजे कुणी मुद्दाम रात्री सोडत नसेल तरीही रात्री सोडणं जास्त घातक आहे, आणि हे तुम्हा रसायनशास्त्र शिकलेल्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

घोडबंदर रोडला टॉवर बांधणारा माझा एक विद्यार्थी आहे. त्याला चौरस फुटांची भाषा कळते, म्हणून त्याच भाषेत लिहिते. श्वासनलिका दोन फांद्यांत फुटते, त्या पुन्हा दोन-दोन, असं जवळजवळ तेवीस वेळा होतं, आणि शेवटी वायुकोश येतात, तीस ते पन्नास कोटी. ते सगळे उलगडून पसरले तर साधारण सत्तर चौरस मीटर जागा भरते. साडेसातशे चौरस फूट, रेरा कार्पेट. डोंबिवलीत ज्याला दोन खोल्या घेता येत नाहीत, त्याच्याही छातीत ऐसपैस टू बीएचके आहे. त्या जागेची भिंत एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असते, कारण रक्त तिथे पाऊण सेकंदच थांबतं आणि तेवढ्यात ऑक्सिजन आत जायला हवा. तुझ्या साइटवर हिरवं कापड फाटून लोंबतंय, रेतीचे डंपर उघडे धावताहेत, मेट्रोच्या खांबांखाली वर्षानुवर्षं धूळ उडते आहे. त्यातली जाड धूळ नाक अडवतं. अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक असते ती थेट या पातळ भिंतीपाशी जाऊन बसते. तिथे ते हलणारे तंतू नसतात, नुसत्या भक्षक पेशी असतात, आणि त्यांनी तरी किती गिळायचं? तू तिसाव्या मजल्यावर राहतोस आणि समोर येऊरचा डोंगर दिसतो, हे तू मला दोनदा सांगितलंस.

बारीक धुळीची वर्षाची सरासरी घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमच्या आत हवी, असं आपल्या देशाने स्वतःसाठी ठरवलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ५ सांगितली. भारतीय वायुकोश आठपट सोशिक असतात, असं कुठल्या पुस्तकात मी तरी वाचलं नाही.

‘बाई, कंपन्या आधी आल्या, माणसं नंतर.’ हे वाक्य तुमच्यातल्या तिघा-चौघांनी ऐकवलं. डोंबिवलीची औद्योगिक वसाहत १९६४ ची आहे, मला ठाऊक आहे. पण तिथल्या निवासी विभागाचे भूखंड कुणी पाडले? एमआयडीसीनेच. मिलापनगर, सुदर्शननगरची माणसं काही रातोरात पालं ठोकून बसलेली नाहीत. आणि आधी येणाऱ्याला नंतर येणाऱ्याच्या छातीवर हक्क मिळतो, हा कायदा कुठला? २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले. सत्तरच्या वर अतिगंभीर. डोंबिवलीला ७८ च्या वर मिळाले, महाराष्ट्रात चंद्रपूरच्या खालोखाल. आमच्या शाळेच्या निकालाची पेढे वाटून बातमी व्हायची. या निकालाचं कुणाला काही वाटलं नाही.

२०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला, तेव्हा चॅनेलवाले आले. २०२० च्या फेब्रुवारीत रस्ता गुलाबी झाला, तेव्हा मुख्यमंत्री स्वतः येऊन पाहून गेले. २०२२ मध्ये दीडशेहून जास्त धोकादायक कारखाने पाताळगंगेला हलवण्याची घोषणा झाली. रंग दिसला की सरकार हलतं. पण हवेतलं बहुतेक विष बिनरंगाचं असतं आणि फुप्फुसाला दुखत नाही. खरंच दुखत नाही. त्याच्या बाहेरच्या आवरणाला वेदना कळते, आतल्या वायुकोशांना नाही. दात किडला तर माणूस रात्रभर तळमळतो आणि सकाळी डॉक्टर गाठतो. वायुकोश हजारोंनी निकामी झाले तरी कळ येत नाही. जिना चढताना दम लागतो, तेव्हा कळतं, आणि तोवर पुष्कळ गेलेलं असतं. जे अवयव ओरडत नाहीत त्यांच्यासाठी शिकलेल्या माणसांनी ओरडायचं असतं. मला वाटलं होतं, तुम्ही ओरडाल.

तुम्ही त्याऐवजी मला यंत्र दिलंत. स्नेहमेळाव्यात शाल, श्रीफळ आणि हवा शुद्ध करणारं यंत्र. तुम्ही वर्गणी काढलीत, टाळ्या वाजवल्यात, मी हसून फोटो काढून घेतला. घरी येऊन खोक्यावरचं वाचलं, एका खोलीपुरतं आहे. माझ्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंच्या मुलाला दमा आहे. त्या खंबाळपाड्याच्या पुढे राहतात, दार उघडलं की रस्ताच. त्या मुलाने श्वास घ्यायला माझ्या बेडरूममध्ये यायचं का? त्या दिवशी व्यासपीठावर बसलेल्यांत त्या धुराचा परवाना देणारे होते, तो धूर काढणारे होते आणि त्यावर औषध लिहिणारेही होते. सगळ्यांनी मिळून मला एक फिल्टर दिला. भेट म्हणून मी ती घेतली. उत्तर म्हणून घेऊ शकत नाही.

मुलांचं तर वेगळंच आहे. नवजात बाळाकडे मोठ्या माणसापेक्षा खूपच कमी वायुकोश असतात, बाकीचे जन्मल्यावर तयार होतात. फुप्फुसाची ताकद विशीपर्यंत वाढते, पुढे उतरतीच. त्या वर्षांत जे वाढलं नाही ते नंतर भरून निघत नाही. दक्षिण कॅलिफोर्नियात शाळकरी मुलांची फुंक वर्षानुवर्षं मोजली. २००४ मध्ये दिसलं की घाणेरड्या हवेतल्या मुलांची फुप्फुसं कमी वाढतात. पुढे तिथली हवा सुधारत गेली आणि २०१५ मध्ये दिसलं की नंतरच्या मुलांची वाढ चांगली झाली. म्हणजे हवा सुधारता येते आणि सुधारली की छातीला कळतं. आमच्याकडे २०२१ मध्ये आधारवाडीचं डंपिंग बंद झालं, तर तिथल्या बायका म्हणतात की कचरा पेटला की घरात शिरणारा धूर तरी थांबला. करायचं ठरवलं की होतं, एवढाच अर्थ मी त्यातून काढते.

लोकलबद्दल लिहिणार नव्हते, पण तुम्ही सगळे त्यातूनच मोठे झालात. श्वास घ्यायला बरगड्या वर आणि बाहेर उचलाव्या लागतात. गर्दीने चारी बाजूंनी दाबलं की त्या उचलल्याच जात नाहीत. २०१७ मध्ये एल्फिन्स्टन स्टेशनच्या जिन्यावर तेवीस माणसं गेली. अशा चेंगराचेंगरीत माणूस बहुधा पायाखाली तुडवला जाऊन मरत नाही, उभ्या उभ्या गुदमरतो. डोंबिवलीला सकाळी डब्यात शिरलेल्या मुली हनुवटी वर करून का उभ्या राहतात, हे तुमच्यापैकी कुणाला सांगायला नको. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसं पडली, तेव्हा बंद होणारी दारं करू असं जाहीर झालं. दारं बंद करणार तर हवेचं काय, हा प्रश्न रेल्वेलाही पडला, म्हणून दारांना झडपा आणि टपावर हवा आत घेणारी यंत्रं, असं आराखड्यात आलं. निदान त्यांना प्रश्न तरी पडला.

आता माझं मागणं. कचेरीत बसतोस तो, तक्रार रात्री एकला आली तर माणूस रात्री एकलाच पाठव. सकाळी दहाला साहेब वही घेऊन येतात, दोनदा नाक वर करतात आणि ‘वास आढळला नाही’ लिहून जातात. त्या कागदाची एक प्रत माझ्याकडे आहे, कुठल्या कार्यालयाची ते इथे लिहीत नाही. कंपनीत आहेस तो, काय बाहेर जातं ते तुला तारखेनिशी माहीत असतं. तुझी आई माझ्याच सोसायटीत राहते, तिला तरी सांग.

आणि तू, जिच्याकडे मी दर महिन्याला पंप लिहून घ्यायला येते. तू माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. तू मला यंत्रात जोरात फुंकायला लावतेस, पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली ते पाहतेस आणि कागदावर ‘अ‍ॅलर्जी’ लिहितेस. मला धुळीची अ‍ॅलर्जी असेल, नाही कोण म्हणतं. पण त्या रात्रीनंतरच्या सकाळी तुझ्या दवाखान्यात बसायला जागा नव्हती, मी उभी होते. त्या सगळ्यांना एकाच दिवशी अ‍ॅलर्जी झाली का? केसपेपरवर औषधांच्या वर पत्ता असतो. तो वाच, आणि एकाच सकाळी एकाच गल्लीतली किती माणसं आली ते वहीत लिहायला लाग. तारखेसह. ती वही मी घेऊन जाईन जिथे न्यायची तिथे, तुझं नाव न घेता.

तुमच्या,
विज्ञानाच्या बाई
डोंबिवली पूर्व