शुक्राणूचे शेपूट आणि पुरुषाची अब्रू

विवाहाला चार-पाच वर्षे लोटूनही घरात पाळणा हलला नाही, म्हणजे तपासण्यांचा, उपासतापासांचा आणि नवससायासांचा सारा भार सुनेच्या माथी टाकण्याची जी रीत आपल्या समाजात अद्यापि टिकून आहे, तिच्या मुळाशी निव्वळ दुष्टपणा आहे असे मला वाटत नाही. पुरुषाच्या बीजाविषयीची एक भ्रामक, पण मोठी लाडकी कल्पना तेथे दडलेली आहे. कोट्यवधी शुक्राणूंची शर्यत, तीत जिंकणारा एक वीर आणि त्या वीराचा पराक्रम तो बापाचा पराक्रम, असे चित्र लोकांच्या मनात इतके पक्के बसले आहे की, शुक्राणूंची हालचाल मंद असल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल हाती पडताच तो वैद्यकीय तपशील न राहता पुरुषार्थाविरुद्धचा फैसला ठरतो.

वस्तुस्थिती अगदी निराळी आहे. मानवी शुक्राणूची लांबी सुमारे 0.06 मिलिमीटर, आणि तीतला बहुतेक भाग शेपटाचाच. इतक्या सूक्ष्म देहाला पाण्यासारखा पातळ द्रवही असा जखडून धरतो की, त्याची कल्पना यावयाची तर आपल्याला काकवीने भरलेल्या हौदात पोहावे लागेल. जडत्वाचा अंमल तेथे चालत नाही. शेपूट थांबले की शुक्राणू जेमतेम एका अणूच्या व्यासाइतके अंतर जातो न जातो तोच थांबतो. अशा द्रवात एखादा अवयव ज्या मार्गाने पुढे नेला त्याच मार्गाने मागे आणला, तर वेग कितीही कमीजास्त केला तरी प्राणी मूळ जागीच राहतो, हे एडवर्ड पर्सेल या भौतिकशास्त्रज्ञाने 1977 साली मोठ्या सुबोधपणे मांडले. म्हणून शेपटाला नुसते मागेपुढे हलून भागत नाही. मुळाकडून टोकाकडे सरकत जाणारी लाट त्यात उठावी लागते.

ही लाट उठते कशी, हा या विषयातला मला सर्वांत रमणीय वाटणारा भाग आहे. लवचीक तंतूला केवळ मुळाशी झटके दिले तर त्यातली लाट टोकाला पोचण्यापूर्वीच विरत जाते. शुक्राणूच्या शेपटात ती तशी विरत नाही. त्या अर्थी शक्ती उत्पन्न करणारे घटक शेपटाच्या लांबीभर पसरलेले असले पाहिजेत, असा निष्कर्ष केनेथ मॅचिन यांनी 1958 साली, ते घटक कोणते हे कळण्यापूर्वीच, गणिताच्या बळावर काढला. पुढे इयान गिबन्स यांना डायनीन हे प्रथिन सापडले. शेपटाच्या गाभ्यात दोन सूक्ष्म नलिकांभोवती नलिकांच्या नऊ जोड्या कडे करून असतात, आणि डायनीनचे बाहू एका जोडीला शेजारच्या जोडीवरून सरकवितात. 1971 साली समर्स आणि गिबन्स यांनी सी-अर्चिन या काटेरी सागरी प्राण्याच्या शुक्राणूंची शेपटे घेऊन, त्यांचे आवरण काढून, जोड्यांमधले बंध ट्रिप्सिन या प्रथिने तोडणाऱ्या विकराने सैल केले आणि त्यांना एटीपी हे पेशीचे इंधन दिले. तेव्हा नलिका एकमेकींवरून सरकत सुटल्या, तुकडा मूळच्या कित्येक पट लांबला, पण पूर्वीसारखा लाटेने वळवळला नाही. सरकणाऱ्याला अडविणारे लवचीक बंध आणि मुळाशी असलेली घट्ट बांधणी यांच्यामुळेच सरकण्याचे वाकण्यात रूपांतर होते.

आता या साऱ्या यंत्रणेत पौरुषाचा संबंध कोठे आला? स्वीडनचे ब्यॉर्न आफ्झेलियस यांनी 1976 साली अशा पुरुषांची कैफियत मांडली की, ज्यांचे शुक्राणू जिवंत असूनही हालत नव्हते, कारण डायनीनचे बाहूच जन्मतः नव्हते. आणि श्वासनलिकेतील सूक्ष्म केसांची रचनाही तीच असल्याने त्यांना छातीचे विकार वारंवार जडत होते. ज्या दोषाने खोकला होतो त्याच दोषाने अपत्य होत नसेल, तर पहिल्याची लाज न वाटता दुसऱ्याचीच का वाटावी?

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या नियमावलीत हालचाल करणाऱ्या शुक्राणूंची किमान संदर्भमर्यादा 42 टक्के आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक शुक्राणू निश्चल असले तरी अहवाल सर्वसाधारण मानला जाऊ शकतो. उलट, अपत्यहीन जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडील कारण, एकटे किंवा इतर कारणांच्या जोडीने, आढळते.

मराठीत या विषयांवर निर्भीडपणे लिहिणारे रघुनाथ धोंडो कर्वे हे गणिताचे प्राध्यापक होते. 1927 पासून 1953 पर्यंत, खटले सोसूनही, त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. त्यांच्यानंतर इतक्या वर्षांनी आपण पुरुषाच्या देहाविषयी कुजबुजतच बोलावे, हे मला असह्य वाटते.

म्हणून माझी विवाहित पुरुषांना कळकळीची विनंती आहे: वर्षभर प्रयत्न करूनही गर्भधारणा झाली नाही, तर एकट्या पत्नीला दवाखान्याच्या पायऱ्या चढावयास न लावता तिच्याबरोबरच आपली वीर्यतपासणी करून घ्यावी; आणि अहवाल मनासारखा न आल्यास, नवे शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात हे लक्षात ठेवून, डॉक्टरांच्या सल्ल्याने ती पुन्हा करावी.