लग्नातलं गाणं फुकट, मग थर्टी फर्स्टचं?

पुणे-सातारा रस्त्यावर कापूरहोळला भोरकडे वळा, नाहीतर नसरापूरहून वेल्ह्याचा रस्ता धरा. लॉन्स, फार्महाउस, कॅम्पिंगच्या पाट्या दिसतातच. शनिवारी लग्न, रविवारी पर्यटकांची पार्टी. साउंड तोच, गाणीही तीच. कायदा मात्र दोन्हींकडे वेगळ्या नजरेनं बघतो.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ सांगतं की, धार्मिक विधीत गाणं वाजवायला परवानगी लागत नाही. वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभही त्यात धरलेत. केंद्रानं जुलै २०२३ मध्ये जाहीर सूचना काढून हेच पुन्हा सांगितलं. पुढे जानेवारी २०२४ मध्ये गोवा सरकारनं याच सवलतीवर परिपत्रक काढलं. संगीताचे हक्क असणाऱ्या कंपन्या कोर्टात गेल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं ऑगस्ट २०२४ मध्ये ते रद्द केलं. कायद्यातली सवलत सरकारी परिपत्रकानं वाढवता येत नाही, हा त्याचा अर्थ. सवलत गेलेली नाही, पण ती ताणताही येणार नाही.

म्हणजे थर्टी फर्स्टची पार्टी, तिकीट लावलेली डीजे नाइट, कॅफेतलं बॅकग्राउंड म्युझिक, या सगळ्याला परवाना हवाच. डीजे बाहेरचा होता, असं म्हणून हातही झटकता येत नाहीत. नफ्यासाठी जागा देणाराही जबाबदार ठरू शकतो. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड.

छोट्या मालकाची चिडचिड खोटी नाही. गीत-संगीताचा हक्क एकाकडे, रेकॉर्डिंगचा दुसऱ्याकडे. पैसे नक्की कुणाला द्यायचे, हेच कळत नाही. पण दुसरी बाजूही बघा. २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतला वाटा पक्का करून दिला. गाण्याचे हक्क कंपनीला दिले तरी तो सुटत नाही. उद्या भोरच्याच एखाद्या पोराचं गाणं गाजलं, तर त्याचं घर याच वाट्यावर चालेल.

तेव्हा लॉन किंवा डीजे चालवत असाल, तर बुकिंगच्या कागदावर एक ओळ वाढवा: कार्यक्रम कसला, आणि परवाना कोण काढणार. नोटीस आल्यावर एकमेकांकडे बोट दाखवण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.