सवलत कोणालाही नाही

इंग्लंडमधील सेव्हर्न नदीच्या काठी आयर्नब्रिज हे छोटे नगर वसले आहे. १७७९ मध्ये उभारलेला ओतीव लोखंडाचा पूल हीच त्याची ओळख. प्रवासी येतात, कमानीचे छायाचित्र काढतात आणि परततात. परंतु पुलालगतच्या टोलघरावरील जुना दरफलक वाचल्याशिवाय ही भेट अपुरीच म्हणावी लागेल. सैनिक असो वा प्रत्यक्ष राजघराणे, टोल कोणालाही माफ नाही, असे त्यावर स्पष्ट नमूद केले आहे. पूल भागधारकांच्या पैशातून उभा राहिला होता. एकाला दिलेली सूट अखेर दुसऱ्यालाच भरावी लागते. १९५० मध्ये टोल बंद झाला, फलक मात्र टिकून आहे. लोखंड ओतण्याचे कौशल्य मोठे खरे. पण सर्वांना एकच नियम लावण्याचे धैर्य त्याहून मोठे होय.